पानाला कोंब फुटवताना

पानफुटीचं पान ओल्या मातीवर टाकलं, की त्याच्या कडेला इवली रोपं उगवतात, हे आपण लहानपणीच पाहिलेलं असतं. जास्वंदीचं पान तसं टाकलं तर कुजून जाईल. बहुतेक झुडपांच्या पानात कोंब नसतोच. प्रयोगशाळेत तो कसा फुटवतात, त्याविषयी आज थोडं सांगतो.

टिश्यू कल्चरची केळी आपल्या ओळखीची आहेत. पण ती रोपं कंदावरच्या कोंबाच्या टोकापासून करतात. तिथं कोंब आधीच असतो, एकाचे अनेक करायचे एवढंच. पानात तो नव्यानं घडवावा लागतो. ऑस्ट्रियाच्या हाबरलांट यांनी पानाच्या सुट्या पेशी वाढवून पाहिल्या, ते १९०२ मध्ये प्रसिद्ध झालं. पेशी फुगल्या, जगल्याही. विभागली मात्र एकही नाही. त्यांना विभागायला लावणारं कायनेटिन अमेरिकेत मिलर आणि स्कूग यांच्या गटाला मिळालं १९५५ साली, आणि तेही हेरिंग माशाच्या डीएनएतून! हे सायटोकायनिन गटातलं संप्रेरक. १९५७ मध्ये या दोघांनी तंबाखूवर दाखवलं, की ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक वरचढ असलं तर मुळं फुटतात, सायटोकायनिन वरचढ असलं तर कोंब.

ब्लूबेरीचं झुडूप घ्या. बाटलीत वाढलेल्या फांदीची कोवळी, निर्जंतुक पानं कापून अगरच्या थरावर ठेवतात. अगरमध्ये क्षार, साखर आणि झिएटिन किंवा थायडायझुरॉन असतं. (थायडायझुरॉन मुळात कापसाची पानं गाळण्यासाठी वापरलं जाणारं रसायन!) बाटल्या सुरुवातीला बहुधा अंधारात असतात. काही आठवड्यांनी पानावर बारीक उंचवटे दिसतात, त्यांचेच पुढं कोंब होतात. ते कापून, मुळं फुटवून, हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

मग रोपवाटिकेत सरसकट पानच का वापरत नाहीत? कारण असा नव्यानं घडलेला कोंब कधीकधी मूळ झाडापेक्षा वेगळा निघतो. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये या प्रकाराला ‘सोमाक्लोनल व्हेरिएशन’ म्हटलं. बाटलीत रोपं सारखीच दिसतात; फळातला फरक कळेपर्यंत बागायतदाराची काही वर्षं गेलेली असतात. म्हणून बागेसाठी मी तरी कोंबापासूनचीच रोपं घ्यावीत असं म्हणेन, आणि घेताना तसं स्पष्ट विचारावं. नवं वाण शोधणाऱ्याला मात्र हेच वेगळेपण हवं असतं. एखाद्या पेशीत नवा जनुक घालून तिच्यापासून अख्खं झुडूप मिळवायचं असलं, तरी संशोधक पानाकडेच वळतात.