एकोणचाळीस अंकी कुलूप

रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तिथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजेच जीटीआय या टर्मिनलची 2017मधली वर्षाची क्षमता 18 लाख टीईयू. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. या आकड्याला 365 नं भागलं तर दिवसाला 4,900च्या वर कंटेनर होतात. रात्र न् दिवस, दर साडेसतरा सेकंदांना एक. एका दिवसाचा माल एकामागे एक मांडला तर रांग जवळपास 30 किलोमीटर होईल, म्हणजे साधारण अलिबागहून पेणपर्यंत.

27 जून 2017ला या रांगेला खीळ बसली. क्रेन धडधाकट होत्या. पण कुठला डबा कुणाचा, यार्डात कुठे ठेवलाय, कोणत्या ट्रेलरवर चढवायचाय, हे सांगणारे संगणकच गेले. काम हातानं, कागदावर सुरू झालं. माल तुंबणार हे दिसत होतं, म्हणून तो उभा करायला जागा शोधावी लागली.

जीटीआय ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सची. त्या दिवशी मर्स्कची जगभरातल्या 76 पैकी 17 टर्मिनल्स अडकली. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम स्नाबे यांनी नंतर दावोसमध्ये हिशेब मांडला: 45,000 संगणक, 4,000 सर्व्हर आणि 2,500 अॅप्लिकेशन्स दहा दिवसांत नव्यानं उभी करावी लागली. 45,000 संगणक दहा दिवसांत म्हणजे अखंड काम धरलं तरी दर 19 सेकंदांना एक. जीटीआयमधून एक कंटेनर हलायला जेवढा वेळ, जवळपास तेवढ्यात एक संगणक! मर्स्कचं नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर. जगाचं, अमेरिकी सरकारच्या अंदाजानं, 1,000 कोटी डॉलरच्या घरात.

हे सगळं करणारा प्रोग्राम म्हणजे नॉटपेट्या. पडद्यावर तो 300 डॉलर खंडणी मागायचा. फाइलींना त्यानं 128 बिटांच्या किल्लीचं कुलूप लावलं होतं. अशा किल्लीच्या शक्यता किती? 34 लिहून पुढं 37 शून्यं द्या. आकडा 39 अंकी होतो. मर्स्कचे ते 45,000 संगणक कामाला लावले, प्रत्येकानं सेकंदाला 100 कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सगळ्या तपासायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या पावणेदोन कोटी पट वेळ लागेल. बरं, पैसे भरूनही सुटका नव्हतीच. पडद्यावर दिसणारा ‘इन्स्टॉलेशन क्रमांक’ नुसता वाटेल तसा जुळवलेला होता. त्यावरून किल्ली शोधणं खुद्द हल्लेखोरांनाही शक्य नव्हतं.

एवढी भक्कम गणितं जगाकडे असताना हल्लेखोर आत आले कसे? त्यांनी कुठलंही गणित फोडलं नाही. युक्रेनमध्ये कर भरायला एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर सर्रास वापरतात. त्याच्या अपडेटमध्येच त्यांनी विष कालवलं. मर्स्कच्या ओडेसातल्या एका संगणकावर हे सॉफ्टवेअर होतं. एकाच. आत शिरल्यावर प्रोग्रामनं संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उपसले आणि तेच दाखवत तो पुढच्या संगणकावर गेला. विंडोजमधलं जे भगदाडही तो वापरत होता, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. पण ज्याच्याकडे खरा पासवर्ड आहे, त्याला भगदाड लागतंच कशाला?

सगळ्यात चक्रावणारा आकडा पुढं आहे. नेटवर्कमध्ये कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारे डोमेन कंट्रोलर मर्स्ककडे सुमारे 150 होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. त्यामुळे एक बिघडला तर बाकीच्यांवरून उभा करता येईल, असा सगळ्यांचा भरवसा. सगळेच एकदम जातील हे कुणाच्या मनातही नव्हतं. ते गेले. उरला फक्त घानामधला एक, आणि तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! दुरुस्तीचं काम चाललं होतं इंग्लंडमध्ये; तिथं डेटा पाठवायला घानातलं इंटरनेट पुरेना, कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकानं नायजेरियाला जाऊन हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्यानं ती इंग्लंडला पोहोचवली.

150 प्रती म्हणजे 150 पहारेकरी, हा हिशेब इथंच फसला. प्रती वाटल्या होत्या, विश्वास वाटलेला नव्हता. प्रशासकाचा एक पासवर्ड सगळीकडे चालत असेल तर सुरक्षेच्या हिशेबात 150चा अर्थ एकच.

विश्वास वाटायचा कसा, हे आदी शमीर या गणितज्ञानं 1979मध्येच दाखवलं होतं. गावच्या देवळाच्या दानपेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन पंचांकडे, तसाच हा प्रकार. फक्त इथं कुलूप एकच आणि किल्लीचेच तुकडे होतात. सरळ रेषा ठरायला दोन बिंदू लागतात, वक्राला त्याहून जास्त. गुपित वक्रात लपवा आणि एकेकाला एकेक बिंदू द्या. सातांपैकी तिघे जमले की गुपित पुरं उघडतं. दोघांच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

इंटरनेटवरच्या नावांच्या यंत्रणेची मूळ किल्ली 2010पासून याच वळणानं सांभाळली जाते. अमेरिकेत दोन ठिकाणी ती ठेवली आहे. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या देशांतले सात जण नेमलेले असतात, आणि त्यांतले किमान तीन हजर असल्याशिवाय किल्ली वापरता येत नाही. सातांतून तीन निवडायचे प्रकार भरतात अवघे 35.

एकीकडे 39 अंकी संख्या, दुसरीकडे 35. तरीही पारडं फिरतं ते या छोट्या आकड्यावर. किल्ली किती लांब आहे हे कंपन्या अभिमानानं सांगतात. विचारायचा प्रश्न निराळा आहे: सगळं कोसळायला एकाच वेळी किती जण फसावे लागतील? 2017च्या जूनमध्ये न्हावा-शेव्याच्या त्या टर्मिनलपुरतं याचं उत्तर ‘एक’ होतं, आणि तो एक संगणकही रायगडातला नव्हता, ओडेसातला होता. हे उत्तर ‘तीन’वर न्यायला विश्वाचं वय लागत नाही, त्याला हवा असतो तो आपल्या हातातला अधिकार वाटून देण्याचा मोठेपणा.