माहेर इंग्लंडचं, सासर तीन राज्यांचं

१४०६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या राजाच्या वस्त्रागारातले कारकून एका लग्नाच्या तयारीत बुडून गेले होते. त्यांनी लिहिलेला आंदणाचा हिशेब आजही टिकून आहे. पलंग, पडदे, झगे, फरची अस्तरं अशी सगळी जंत्री त्यात आहे. त्यातल्या एका पोशाखानं पुढे फार नाव कमावलं. तो म्हणजे पांढऱ्या साटीनचा अंगरखा आणि त्यावर लांब घोळाचा झगा. आत करड्या खारीच्या पोटाकडची मऊ फर आणि कडेनं अर्मिनची पांढरीशुभ्र किनार. युरोपात पांढऱ्या पोशाखात लग्न झालेल्या ज्या राजकन्यांची लेखी नोंद आहे, त्यात पहिलं नाव या नवरीचं घेतलं जातं. पांढऱ्या लग्नपोशाखाचं श्रेय सगळे १८४० च्या व्हिक्टोरिया राणीला देतात. तिच्या चारशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट.

नवरीचं नाव फिलिपा, वय बारा वर्षं. तिच्या जन्माच्या वेळी, १३९४ मध्ये, आई मेरी दि बोहन बाळंतपणात गेली. वडील हेन्री बोलिंगब्रोक तेव्हा फक्त एक मोठे सरदार होते. पाच वर्षांनी त्यांनी चुलतभाऊ दुसऱ्या रिचर्डला गादीवरून खाली खेचलं आणि ते चौथे हेन्री म्हणून सिंहासनावर बसले. अशा हिसकावलेल्या गादीला मान्यता लागते, आणि ती मिळवायचा त्या काळचा हुकमी मार्ग म्हणजे मुलीबाळींच्या सोयरिकी.

समोरच्या बाजूला होती मार्गारेट. डेन्मार्कच्या राजाची ही लेक नॉर्वेच्या राजाला दिली होती. बाप, नवरा आणि एकुलता एक मुलगा गमावल्यावर तिनं डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तिन्ही राज्यं आपल्या मुठीत आणली. वारस म्हणून तिनं बहिणीचा नातू उचलला. पोमेरेनियातल्या या पोराचं मूळ नाव बोगिस्लाव होतं, ते बदलून उत्तरेकडच्या लोकांना रुचेल असं एरिक ठेवलं. १३९७ मध्ये स्वीडनमधल्या काल्मार गावी त्याच्या डोक्यावर मुकुट चढला आणि तीन राज्यांचा 'काल्मार संघ' उभा राहिला. पण मुकुट एरिकचा असला तरी कारभार मार्गारेटचाच. १४०५ च्या सुमारास एरिक नॉर्वेच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा तिनं त्याला लिहून दिलेल्या सूचना उपलब्ध आहेत. कुणाशी कसं बोलायचं, आणि मोठं काही मागितलं तर मी येईपर्यंत कसं टाळायचं, हेही त्यात आहे. विशीतल्या राजाला! फिलिपाची सासू म्हणायची तर ती हीच.

आधी बेत साट्यालोट्याचा होता. एरिकला फिलिपा द्यायची आणि एरिकची बहीण कॅथरीन फिलिपाच्या भावासाठी, युवराज हेन्रीसाठी करायची. दुसरी सोयरीक जमली नाही. पहिली जमली. ऑगस्ट १४०६ मध्ये वडील लिन बंदरापर्यंत पोचवायला आले आणि फिलिपाची पाठवणी झाली. बाप-लेकीची त्यानंतर भेट नाही. पाठराखणीला बाथचे बिशप हेन्री बोवेट, यॉर्क घराण्यातला रिचर्ड आणि लॉर्ड फिट्झह्यू असे बडे लोक होते. (यातल्या रिचर्डचं डोकं नऊ वर्षांनी तिच्याच भावानं, पाचव्या हेन्रीनं, राजद्रोहाबद्दल उडवलं. वऱ्हाडी कोण कुठल्या वळणाला लागतील, सांगता येत नाही.) २६ ऑक्टोबरला लुंडच्या कॅथीड्रलमध्ये लग्न लागलं, १ नोव्हेंबरला राज्याभिषेक झाला. नवरा तिच्याहून जवळजवळ दुप्पट वयाचा होता.

सुरुवातीची वर्षं ती काल्मारच्या किल्ल्यात राहिली आणि तिथे तिला स्वीडन कळत गेलं. मला तिच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते. एरिकचा सगळा जीव डेन्मार्कमध्ये होता. श्लेसविगच्या जहागिरीवरून हॉलस्टाइनच्या सरदारांशी त्याचं वर्षानुवर्षं भांडण चालू होतं, आणि त्या लढाईचा खर्च मात्र स्वीडनच्या शेतकऱ्याच्या कोठारातून निघत होता. तिथले त्याचे कारभारी बहुतेक परके, डॅनिश किंवा जर्मन. अशा वेळी स्वीडनमध्ये स्वतःच्या जहागिरी असलेली, वारंवार तिथे जाऊन राहणारी राणी हा राजा आणि प्रजेतला मोठा दुवा होता.

वाड्स्टेना हे तिचं आवडतं ठिकाण. वेटर्न सरोवराच्या काठचा हा मठ संत ब्रिगिटाच्या पंथाचं मूळ पीठ. ब्रिगिटा १३७३ मध्ये रोममध्ये वारली आणि १३९१ मध्ये तिला संतपद मिळालं, म्हणजे फिलिपा आली तेव्हा त्या भक्तीला नवा जोर होता. या पंथात मठाचा कारभार ॲबेसकडे, म्हणजे प्रमुख साध्वीकडे असे. स्त्रिया आणि पुरुष दोघेही एकाच मठात, पण वेगवेगळ्या आवारांत. फिलिपानं मठाला देणग्या दिल्या आणि संत अ‍ॅनाच्या नावानं तिथे एक चॅपेल बांधलं.

पाठराखणीला आलेला फिट्झह्यू लग्न उरकल्यावर याच मठात गेला आणि इतका भारावला, की इंग्लंडमध्ये असाच मठ काढायला जमीन देण्याचा शब्द देऊन बसला. त्यातून पुढे १४१५ मध्ये पाचव्या हेन्रीनं टेम्स नदीकाठी 'सायन' मठ स्थापला. आठव्या हेन्रीनं मठ बुडवले तेव्हा तिथल्या साध्वी परदेशी गेल्या, अडीचशेहून अधिक वर्षं लिस्बनमध्ये राहिल्या आणि १८६१ मध्ये इंग्लंडला परतल्या. डेव्हनमधला त्यांचा शेवटचा मठ २०११ मध्ये बंद झाला. एका लग्नाच्या वऱ्हाडातून निघालेला धागा सहाशे वर्षं पुरला, हे इतिहासाच्या मोठमोठ्या तहांना जमत नाही.

१४१२ मध्ये मार्गारेट गेली. १४२३ मध्ये एरिक श्लेसविगच्या भांडणात, पुढे सम्राट झालेल्या सिगिस्मुंडकडे न्याय मागायला आणि तिथून पुढे जेरुसलेमच्या यात्रेला निघाला. १४२५ पर्यंत तो परतला नाही. या काळात तिन्ही राज्यांचा कारभार तिशीच्या फिलिपानं पाहिला. राणी म्हणजे मुकुटधारी शोभा, असं समजणाऱ्यांनी १४२४ चा करार पाहावा. ल्युबेक, हॅम्बुर्ग, ल्युनेबुर्ग आणि विस्मार या हान्सा व्यापारी शहरांशी तिनं नाण्यांबद्दल बोलणी केली. नाण्यात चांदी किती असावी आणि कुणाचं नाणं कुणाकडे कोणत्या भावानं चालावं, हा प्रश्न होता. राजे नाण्यातली चांदी गुपचूप कमी करत आणि भुर्दंड बाजारात माल विकणाऱ्याला पडे. विषय रुक्ष, पण हेरिंग मासे आणि मिठावर जगणाऱ्या बाल्टिक समुद्राकाठी याहून जिव्हाळ्याचा विषय नव्हता. पुढे युद्ध पेटलं आणि त्या युद्धात एरिकनं चक्क तांब्याची नाणी पाडली. बायकोनं बसवलेली घडी नवऱ्यानं विस्कटली ती अशी.

१४२६ पासून हान्सा शहरं उघड शत्रू झाली. १४२८ मध्ये त्यांच्या आरमारानं कोपनहेगनवर दोनदा चाल केली. जहाजांवर तोफा होत्या, आणि बाल्टिकमध्ये हे हत्यार तेव्हा नवंच होतं. शहराच्या बचावाची सूत्रं फिलिपानं हाती घेतली, नागरिकांना उभं केलं आणि कोपनहेगन वाचलं, ही हकिगत डेन्मार्कमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. हान्स ख्रिश्चन अँडरसननंही १८६८ च्या एका कथेत तिचं गुणगान केलं आहे.

तिच्याबद्दलची दुसरी कथा मात्र अंगावर काटा आणणारी. १४२९ मध्ये डॅनिश आरमार स्ट्रालसुंडवर गेलं आणि मार खाऊन आलं. ती मोहीम राणीनं काढली होती, संतापलेल्या एरिकनं तिला मारहाण केली, गर्भ पडला आणि ती मठात निघून गेली, असं नंतरचे लेखक सांगतात. समकालीन कागदांचा याला आधार नाही. उलट त्या हिवाळ्यात ती स्वीडनला गेली ती राज्याच्याच कामाला, युद्धासाठी मदत उभी करायला. एरिक सज्जन होता, असं मला म्हणायचं नाही. पण कामावर निघालेल्या बाईला छळ सोसून मठात रडत बसलेली बाई करून टाकणं हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे. मूल जगलं नाही एवढी वस्तुस्थिती होती, बाकीचं कथेकऱ्यांनी भरलं.

त्याच १४२९ च्या सुमारास एरिकनं ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर जकात बसवली. दर होता एक इंग्लिश नोबल, म्हणजे राणीच्या माहेरचं सोन्याचं नाणं. जकातीचं ठाणं हेल्सिंगोरला, पुढे शेक्सपिअरनं हॅम्लेटला जिथे नेऊन बसवलं तिथे. ही जकात १८५७ पर्यंत वसूल होत होती.

जानेवारी १४३० च्या पहिल्या आठवड्यात वाड्स्टेनातच आजारपणात फिलिपा वारली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तिला तिथेच पुरलं. एरिकनं पुन्हा राणी केली नाही, पण तिच्याच परिवारातली समजली जाणारी सेसिलिया नावाची बाई त्याच्या आयुष्यात आली. तिकडे स्वीडनचं ऐकून घेणारं कुणी उरलं नाही. चार वर्षांत, १४३४ मध्ये, खाण भागातल्या एंगेलब्रेक्टनं कारभाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध बंड पुकारलं आणि किल्ल्यांमागून किल्ले पडत गेले. ती असती तर बंड झालंच नसतं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, कारण करांचा बोजा तिच्या हयातीतही वाढतच होता. पण तक्रार घेऊन जायला एक दार उघडं होतं, ते बंद झालं एवढं खरं. १४३९ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडननं एरिकला पदच्युत केलं. तो गोटलंड बेटावरच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि तिथून चाचेगिरीवर दिवस काढू लागला. १४५९ मध्ये तो जन्मगावी, पोमेरेनियात मेला.

त्याच्या जागी डेन्मार्कनं १४४० मध्ये ज्याला राजा केलं, तो बव्हेरियाचा क्रिस्तोफर हा कॅथरीनचा मुलगा. साट्यालोट्याच्या बेतात जिला इंग्लंडची राणी व्हायचं होतं, तीच ही कॅथरीन.