खोगिरावरचा धर्मप्रसार
अमेरिकेच्या सीमाभागात मेथडिस्ट पंथ फोफावला तो आवेशपूर्ण प्रवचनांमुळे, असे सर्रास मानले जाते. या पंथाचे फिरते प्रवचनकार पीटर कार्टराइट (१७८५–१८७२) यांचे आयुष्य पाहिले, तर श्रेय फेरीच्या व्यवस्थेला द्यावे लागते. केंटकीत वाढलेले, जेमतेम शिकलेले कार्टराइट नेमून दिलेला टापू घोड्यावरून पुन्हापुन्हा पालथा घालत. झोपडीत, झाडाखाली, जमेल तिथे प्रवचन करत. १८०० नंतर वर्षाचे वेतन ठरले होते ८० डॉलर, तेही क्वचितच पुरते हाती पडे. ते पुढे निघाले की मागे स्थानिक प्रमुखाच्या देखरेखीखाली भाविकांचे साप्ताहिक ‘वर्ग’ चालत. खरी मेख इथे आहे.

मग १८०१ मध्ये केंटकीतल्याच केन रिजच्या धार्मिक मेळाव्यात हजारोंना उन्माद चढला, त्याचे काय? तो मेळावा तर प्रेस्बिटेरियनांच्या चर्चपाशी भरला होता! आवेश दोघांकडेही होता. प्रेस्बिटेरियनांना मात्र पाद्री सुशिक्षितच हवा होता, आणि तसे रानात मिळणार किती? धर्म अर्धशिक्षितांच्या हाती गेला, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. कार्टराइट दांडगटांशी हातघाईवरही येत. पण त्यांच्या खोगिराच्या पिशव्यांत पुस्तकेही असत, वाचायला आणि विकायलाही. गुलामगिरीला विटून १८२४ मध्ये ते इलिनॉयला गेले. तिथे १८४६ च्या काँग्रेस निवडणुकीत मात्र अब्राहम लिंकन यांनी त्यांना हरवले.