हाडाचं पंचांग

बार्शीच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. तोंडात उरलेले सात-आठ हलते दात काढून डॉक्टरांनी त्यांना खाली चार आणि वर चार इम्प्लांट बसवले. दुसऱ्या दिवशी त्यांवर तात्पुरते दातही पक्के करून दिले. तिसऱ्या दिवशी चेहरा ओळखू येईना इतका सुजला, हनुवटीखालचा काळानिळा डाग उतरत उतरत गळ्यापर्यंत आला. मग सूज ओसरली, टाके निघाले. आता बाई विचारतात: पंधराव्या दिवसापासून काडीइतकंही दुखत नाही, तरी डॉक्टर म्हणतात चार महिने भाकरीचं नाव काढू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं चार महिने भाकरीविना काढायचे म्हणजे काय? दुखत नाही, म्हणजे बरं झालं ना?

हा प्रश्न मला फार आवडला. पूर्ण तोंडाचे इम्प्लांट बसवलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मनात तो येतो, आणि बहुतेक जण तो न विचारता गुपचूप भाकरीचा तुकडा मोडतात.

ठणका असतो तो हिरडीचा आणि हाडावरच्या पातळ आवरणाचा. तिथे नसा दाट, चिरलं जातं तेही तिथेच. तोंडातली त्वचा अंगावरच्या त्वचेपेक्षा लवकर जुळते, त्यामुळे दोन आठवड्यांत तिचं काम उरकतं आणि दुखणंही तिच्याबरोबर जातं. हाडाचं काम तेव्हा कुठे रंगात येत असतं. त्याचं पंचांगच वेगळं. आणि त्या पंचांगातली सगळ्यात जपण्याची तिथी नेमकी तेव्हा येते, जेव्हा माणसाला अगदी बरं वाटू लागलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास हाडात बसवलेल्या इम्प्लांटची, म्हणजे धातूच्या त्या स्क्रूची, पकड पहिल्या दिवसापेक्षाही कमी झालेली असते.

असं का होतं ते समजून घ्यायला मी माझ्या दंतवैद्य मित्राकडे गेलो. त्यानं मुदत संपलेला एक इम्प्लांट माझ्या तळहातावर ठेवला. चार मिलिमीटर जाड, बारा मिलिमीटर लांब, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा राखाडी. मला वाटलं होतं चकचकीत असेल. नख फिरवलं तर बारीक खरखर लागते. कारखान्यात त्यावर कठीण कणांचा मारा करतात, मग आम्लात बुडवतात, आणि त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात. पेशींना आणि गोठणाऱ्या रक्ताच्या धाग्यांना धरायला जागा हवी, म्हणून.

जबड्यात भोक पाडतात ते या स्क्रूपेक्षा किंचित लहान. ड्रिलवर सलाइनची गार धार सतत चालू ठेवतात, कारण हाडाला उष्णता सोसत नाही. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी 1983 साली सशांवर दाखवून दिलं, की मिनिटभर 47 अंश सेल्सियस तापमान राहिलं तरी हाडाचं नुकसान होतं. मग स्क्रू पिळून आत जातो आणि कुदळीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीसारखा आवळून बसतो. ही पहिली पकड, निव्वळ दाबाची.

पण दाबलं गेलेलं हाड म्हणजे जखमी हाड. शरीर ते तसंच ठेवत नाही. हाड पोखरणाऱ्या पेशी येतात आणि ते खाऊन साफ करतात, म्हणजे ज्यानं स्क्रू धरून ठेवला होता तेच हाड हळूहळू काढून टाकतात. त्याच वेळी हाड घडवणाऱ्या पेशी मोकळ्या झालेल्या फटींत नवं हाड विणत असतात. हे पहिलं हाड घाईचं, विसविशीत, सुतारानं कामापुरत्या ठोकलेल्या फळ्यांसारखं. पक्कं, थराथरानं रचलेलं हाड नंतर येतं, आणि त्याचा वेग आहे दिवसाला साधारण एक मायक्रॉन. जुनी पकड उतरणीला लागलेली, नवी अजून चढणीवर. या दोन्हींच्या मधली दरी म्हणजे तो तिसरा-चौथा आठवडा.

आंब्याचं कलम बांधताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. काडीला तिरपा छेद देऊन ती रोपावर बसवतात आणि वरून पट्टी आवळतात. पहिले काही दिवस ती काडी केवळ त्या पट्टीनं उभी असते. दोन लाकडं आतून एकमेकांशी जुळली, की कलमानं जीव धरला म्हणतात, आणि मग पट्टी सोडली तरी चालतं. मधल्या दिवसांत वाऱ्यानं नुसतं हललं तरी सांधा फुकट जातो. कोकणातला माळी त्या काळात कलमाला हात लावू देत नाही. जबड्यात हेच घडतं, फक्त इथे कलमाची एक बाजू निर्जीव धातूची आहे. जिवंत हाड वाढत वाढत एका धातूला जाऊन भिडतं, मध्ये मांसाचा पातळ पडदाही ठेवत नाही. हे मला आजही अचंब्याचं वाटतं.

इम्प्लांटचा हा धातू म्हणजे टायटॅनियम, आणि याचं श्रेय त्याच्या स्वभावाला. हवा लागताक्षणी त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो, आणि शरीराचा संबंध येतो तो धातूशी नव्हे, या थराशी. त्याला शरीर परका मानत नाही. जिथे हापूसची कलमं बांधतात त्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी-मालगुंडच्या बाजूला, पायाखाली जी काळी वाळू येते तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज. त्यातून शुद्ध धातू काढणं मात्र महाकर्मकठीण. विल्यम क्रोल यांची पद्धत 1940च्या सुमाराला आली तेव्हा कुठे तो पुरेसा मिळू लागला.

या विषयावरच्या प्रत्येक लेखात एक गोष्ट असते. 1952 साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून सूक्ष्मदर्शकातून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी काढायला गेले तर ती निघेना, हाडाशी एकजीव झालेली. आणि अपघातानं मोठा शोध लागला! गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. 1940 साली बोथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या हाडांत टायटॅनियम ठेवून पाहिलं होतं आणि हाड त्याला चिकटतं अशी नोंद केली होती. 1951 साली, म्हणजे ब्रोनेमार्क यांच्या सशाच्या एक वर्ष आधी, गॉटलिब लेव्हेंथाल यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडांत टायटॅनियमचे स्क्रू बसवले. सहा आठवड्यांनी स्क्रू थोडे घट्ट लागले, बारा आठवड्यांनी आणखी. सोळा आठवड्यांनी इतके घट्ट, की एक स्क्रू काढायला गेले तर हाडच मोडलं. म्हणजे हाडाचं पंचांग लेव्हेंथाल यांनी आठवड्यांच्या हिशेबानं छापून ठेवलं होतं. दातांच्या इतिहासात त्यांचं नाव सहसा कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग ब्रोनेमार्क यांचं मोठेपण कशात? माझ्या मते, थांबण्यात. त्याआधीचे लोक जबड्यात धातूचं काहीबाही बसवून त्यावर लगेच दात चढवत, आणि ते सैल पडे. ब्रोनेमार्क यांनी स्क्रू हाडात बसवून वरून हिरडी शिवून टाकली आणि खालच्या जबड्याला तीन महिने, वरच्याला सहा महिने हात लावला नाही. वरचं हाड पोकळ, जाळीदार, म्हणून त्याला दुप्पट वेळ. 1965 साली त्यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. 2006 साली लार्सन वारले तेव्हाही ते जागेवर होते. तरी दंतवैद्यकातल्या जाणत्यांना हे पटायला 1982 उजाडलं. टोरांटोच्या परिषदेत ब्रोनेमार्क यांच्या गटानं वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा कुठे जग हललं.

आज शहरात कुठेही पाहा, फलक असतो: ‘एका दिवसात पक्के दात’. ही जाहिरात मला खटकते, कारण तिच्यात जे खरं आहे त्याचाही ती अपमान करते. लिस्बनच्या पावलो मालो यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेली चार इम्प्लांटची पद्धत खरोखर हुशारीची आहे. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरपे. वरच्या जबड्यात नाकाजवळची पोकळी चुकते, खालच्यात ओठाला जाणारी नस चुकते, हाड कमी असलं तरी भागतं. आणि चारही इम्प्लांट एकाच कडक पट्टीनं बांधले, की खाटेचे चार पाय चौकटीत अडकवल्यासारखे एकमेकांना हलू देत नाहीत. म्हणून त्यावर लगेच दात बसवता येतात. पण ते दात तात्पुरते, बहुधा ॲक्रिलिकचे. ते दिसण्यासाठी, बोलण्यासाठी आणि मऊ खाण्यासाठी असतात. हाडाला लागणारा वेळ मालो यांनी कमी केला नाही. पूर्वी हा थांबण्याचा काळ हिरडीखाली झाकलेला असे, आता तो माणसाच्या ताटात आला आहे. एका दिवसात दात म्हणणाऱ्यानं हे सांगितलं नाही तर रुग्ण पंधराव्या दिवशी भाकरी खाणारच, त्याचा काय दोष?

भाकरीनं होतं काय, तर स्क्रू हलतो. साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतका, पुन्हा पुन्हा हलला तर तिथल्या पेशी बेत बदलतात. हाडाऐवजी तंतूंचं मांस बनवतात, आणि स्क्रूभोवती मऊ पिशवी तयार होते. काटा रुतला की शरीर त्याला वेगळं पाडतं, तसंच. हे घडताना बहुतेकदा दुखत नाही. महिन्यांनी दात हलायला लागतो तेव्हा कळतं.

म्हणून बाई, चार महिने मुगाची मऊ खिचडी, ताकभात, घट्ट वरण, उकडलेलं अंडं, पनीर कुस्करून, नाचणीची आंबील. जिभेनं टाळ्यावर दाबून कुस्करतं ते चालतं, एवढं माप पुरे. भाकरी हवीच तर दुधात तासभर भिजवून, दुधाशी एकजीव झाल्यावर. प्रथिनं कमी पडू देऊ नका, हाडाचा सांगाडा त्यांचाच असतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असाल तर ते डॉक्टरांना ठाऊक आहे ना, याची खात्री करा, कारण त्यातली काही औषधं हाड पोखरणाऱ्या पेशींनाच थांबवतात, आणि जबड्याचं हाड बरं व्हायला त्या लागतात. आणि मिश्री लावायची सवय कुणाच्या घरात असेल तर ती सुटायलाच हवी. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्ताविना हाड काय विणणार?

एक गोष्ट डॉक्टरांकडून घाईत सांगायची राहते, ती अशी. खरा दात हाडाला चिकटलेला नसतो, तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. त्या तंतूंत दाबाची जाणीव असते. भातातला खडा दाताखाली आला की जबडा आपोआप थांबतो, तो त्यांच्यामुळे. इम्प्लांटला ही झोळी नाही. त्यामुळे आपण किती जोरात चावतो आहोत हे पहिले काही महिने नीट कळत नाही, आणि जोर नकळत वाढतो. पुढे हाड, स्नायू आणि जबड्याचे सांधे मिळून ती जाणीव बऱ्याच अंशी भरून काढतात, मेंदू नवी लिपी शिकतो. तोवर सावकाश चावायचं.

बोलण्याचंही तसंच. वरच्या नव्या दातांची पट्टी जाड असते, जिभेचं टोक टेकायची जागा बदलते, आणि मराठी माणसाला ते पटकन जाणवतं, कारण आपल्याकडे ‘च’ दोन आहेत. ‘चारचाकी’ म्हणून पाहा. पहिला च टाळूला लागतो, दुसरा दातांच्या मुळाशी. नवे दात बसल्यावर पहिला निभतो आणि दुसरा घसरतो. चमचा, चाक, जहाज, झाड असे शब्द रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचले की जीभ काही आठवड्यांत वाट शोधते. शिक्षिकेला वाचन शिकवायला मी कोण, पण हे करून बघा.

चार महिन्यांनी डॉक्टर तात्पुरते दात उतरवतील आणि प्रत्येक इम्प्लांटवर हत्याराच्या दांड्यानं हलकेच टिचकी मारतील. तेव्हा कान द्या. तंतूंच्या पिशवीत बसलेल्या स्क्रूचा आवाज बद्द येतो. हाडानं धरलेला स्क्रू टण्ण वाजतो, आणि तो आवाज आपल्याच कवटीतून ऐकू येतो. आठही तसे वाजले, की कायमच्या दातांची मापं घेतील. त्यानंतर आधी ताजी, मऊ, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी त्याच्या पुढच्या महिन्यात.