हेन्री रोलंड : प्राध्यापक, संशोधक आणि उपकरणकर्ता

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांतकारांची नावे सर्वतोमुखी होतात. परंतु ज्या उपकरणांच्या आधारे सिद्धांत पारखले गेले, त्यांचे निर्माते बहुधा दुर्लक्षित राहतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हेन्री ऑगस्टस रोलंड (१८४८-१९०१) हे या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरण होय. अध्यापन, संशोधन आणि उपकरणनिर्मिती या तिन्ही अंगांचा त्यांच्या कारकिर्दीत झालेला संगम प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

जडणघडण

पेनसिल्व्हेनियातील होन्सडेल येथे जन्मलेल्या रोलंड यांनी ट्रॉय येथील रेन्सिलिअर संस्थेतून १८७० मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे त्याच संस्थेत अध्यापन करीत असताना त्यांनी लोह, पोलाद व निकेल यांच्या चुंबकीय गुणधर्मांवर शोधनिबंध लिहिला. अमेरिकेतील नियतकालिकाने तो नाकारला. मात्र जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याचे मोल ओळखले आणि १८७३ मध्ये तो इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. या गुणवत्तेची दखल घेऊन बाल्टिमोर येथील नियोजित जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष गिलमन यांनी १८७५ मध्ये त्यांची निवड केली. त्यानंतर बर्लिन येथे हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी गतिमान विद्युत्भार चुंबकीय परिणाम घडवितो, हे प्रयोगाने दाखविले. १८७९ मध्ये ‘हॉल परिणाम’ शोधणारे एडविन हॉल हे त्यांचेच विद्यार्थी.

विवर्तन जालकाची निर्मिती

प्रकाशाचे तरंगलांबीनुसार पृथक्करण करण्यासाठी विवर्तन जालक वापरतात. धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर हिऱ्याच्या टोकाने समांतर व समान अंतरावरील हजारो रेषा कोरून ते तयार होते. प्रत्येक रेषेनंतर पट्टी किंचित पुढे सरकविण्याचे काम यंत्रातील स्क्रू करतो. त्याच्या आट्यांत आवर्ती दोष असल्यास वर्णपटात मूळ रेषेच्या बाजूंना खोट्या रेषा उमटतात. म्हणजेच जालकाची अचूकता अखेरीस स्क्रूच्या अचूकतेवर अवलंबून असते.

रोलंड यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. अनेक भागांच्या लांब नटामध्ये तेल व कुरुंदाची पूड घालून स्क्रू दीर्घकाळ घासल्यास त्यातील चढउतार हळूहळू नाहीसे होतात, ही त्यांची पद्धत होती. १८८२ मध्ये सिद्ध झालेले त्यांचे यंत्र एका इंचात १४,४३८ रेषा कोरू शकत असे. यंत्राच्या कामात विद्यापीठातील कारागीर थिओडोर श्नायडर यांची, तर पट्ट्यांच्या घडणीत जॉन ब्रॅशियर यांची मोलाची साथ लाभली.

त्याच सुमारास रोलंड यांनी अंतर्वक्र जालक साकारले. जालकाचा पृष्ठभागच प्रकाश केंद्रित करीत असल्याने भिंगांची गरज उरली नाही. परिणामी काचेत शोषले जाणारे जंबुपार किरणही अभ्यासता येऊ लागले. ऑंगस्ट्रॉम यांच्या १८६८ च्या नकाशात सौर वर्णपटातील सुमारे १,००० रेषा होत्या. रोलंड यांच्या १८९५ ते १८९७ या काळातील सारणीत ही संख्या सुमारे २०,००० वर गेली. ही जालके केवळ खर्चापुरती किंमत घेऊन इतर प्रयोगशाळांना दिली जात. १८९६ मध्ये झीमन यांनी वर्णरेषांवरील चुंबकीय परिणाम शोधला, तो रोलंड जालकाच्याच साहाय्याने.

शुद्ध विज्ञान आणि व्यवहार

१८८३ मध्ये मिनियापोलिस येथील भाषणात रोलंड यांनी शुद्ध विज्ञानाची बाजू आग्रहाने मांडली. उपयोजनांचा गौरव करून मूलभूत संशोधनाकडे पाठ फिरविणारा समाज आणि द्रव्यार्जनामागे लागणारे प्राध्यापक या दोहोंवर त्यांनी टीका केली. तथापि मधुमेहाचे निदान झाल्यावर कुटुंबाच्या भवितव्यासाठी त्यांना स्वतःलाच तारायंत्राच्या व्यावसायिक योजनेकडे वळावे लागले. इन्सुलिनचा शोध लागण्यास त्या वेळी अजून सुमारे तीन दशके होती. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फिजिकल सोसायटीचे पहिले अध्यक्षपद भूषविणारे रोलंड १६ एप्रिल १९०१ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी प्रयोगशाळेच्या तळघरात, रेखनयंत्राजवळील भिंतीत ठेवण्यात आल्या.

समारोप

रोलंड यांचा शुद्ध विज्ञानाचा आग्रह आणि स्क्रू घासण्याचे कष्ट यांत विसंगती नाही. मूलभूत प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी आवश्यक ते साधन स्वतः घडविणे, हा त्यांच्या दृष्टीने संशोधनाचाच भाग होता. प्रयोगशाळेतील कार्यशाळा आणि कुशल कारागीर यांना दुय्यम मानणाऱ्या शिक्षणव्यवस्थेला ही कारकीर्द अंतर्मुख करणारी आहे. मात्र अशा प्राध्यापकाच्या उपजीविकेची व कुटुंबाची हमी कोणी घ्यावी, हा त्यांच्या अखेरच्या दशकाने उभा केलेला प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.