गाडी ‘टोटल’ झाली : पैसे किती येतात, कुणाकडे जातात?

आज आपण गाडीच्या विम्याचं बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गाडी चालवणार घरातले बाप्ये, आपल्याला काय करायचं? पण आपल्या शिरूर अनंतपाळच्या गावागावांत बघा, गाडी धाकट्या भावाच्या हातात असते आणि आरसी बुकावर नाव वहिनीचं असतं. कर्ज तिच्या नावावर मिळालेलं असतं. गाडी पुलावरून गेली किंवा ट्रकनं उडवली, की कंपनीच्या कागदावर सही तिचीच लागते आणि राहिलेल्या हप्त्याची नोटीसही तिच्याच दारात येते.

2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लातूर-नांदेडमध्ये जो पाऊस झाला, तो कुणी विसरणार नाही. सोयाबीन गेलं, जनावरं गेली, दारात उभ्या गाड्याही पाण्यात बुडाल्या. पिकाचं नुकसान झालं की तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला येतात, हे आपल्याला पाठ आहे. गाडीसाठी सरकारी माणसाची वाट बघू नका. तिथं विमा कंपनीनं नेमलेला सर्व्हेअर येतो, आणि आपण कंपनीला कळवल्यावरच येतो.

आधी कागद काढून बघा, विमा कोणता आहे. नुसता थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. तो दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी असतो, कायद्यानं सक्तीचा आहे, म्हणून स्वस्तात तेवढाच काढून ठेवतात. ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, त्यात अपघात, चोरी, आग, पूर हे सगळं येतं. पुराबद्दल एक गोष्ट घरातल्या चालवणाऱ्यांना आजच सांगून ठेवा. पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून चालू करून बघायची नाही. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला आणि इंजिन फुटलं, तर ‘हे पुरानं झालं नाही, तुम्ही केलं’ असं म्हणायला कंपनी मोकळी. फोटो काढा, कंपनीच्या नंबरवर कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि गाडी ओढूनच न्या.

आता ‘टोटल लॉस’ म्हणजे काय ते बघू. विम्याच्या कागदावर ‘आयडीव्ही’ अशी एक रक्कम छापलेली असते. कंपनीनं मान्य केलेली ही आपल्या गाडीची किंमत. दुरुस्तीचा आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च मिळून या रकमेच्या 75 टक्क्यांच्या वर गेला, की गाडी टोटल लॉस धरतात. मग दुरुस्ती नाही, थेट आयडीव्हीचा हिशेब.

ही आयडीव्ही ठरते कशी? शोरूमच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाच वर्षांपर्यंत 50 टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि आपण मिळून किंमत ठरवायची असते. रोड टॅक्स, पासिंग, विम्याचा हप्ता यांचे पैसे त्यात धरत नाहीत. म्हणून ‘गाडीला आठ लाख घातले, आठ लाख येतील’ हा हिशेब पहिल्या दिवसापासूनच चुकलेला असतो. एजंट हप्ता कमी दाखवण्यासाठी आयडीव्ही खाली आणतो. हजार-दीड हजार वाचले म्हणून आपण खूश होतो, आणि गाडी गेल्यावर पन्नास हजार कमी हातात येतात. नूतनीकरणाच्या वेळी आम्ही तर हप्त्याच्या आधी हा आकडा बघा म्हणतो.

आकडे घेऊनच समजून घेऊ. गाडीची शोरूम किंमत 7 लाख. तिसऱ्या वर्षात घसारा 30 टक्के, म्हणून आयडीव्ही 4 लाख 90 हजार. तिचे 75 टक्के म्हणजे 3 लाख 67 हजार 500. गॅरेजचा अंदाज याच्या वर गेला, गाडी टोटल. सक्तीची वजावट लहान गाडीला 1 हजार रुपये, म्हणजे राहिले 4 लाख 89 हजार. पण आरसीवर बँकेचा बोजा आहे आणि कर्ज 3 लाख 80 हजार बाकी आहे. ते आधी बँकेकडे जातात. आपल्या हातात 1 लाख 9 हजार. कर्ज याहून जास्त राहिलं असेल, तर गाडीही नाही आणि वरचे हप्तेही आपल्याच अंगावर. म्हणून अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन बाकी किती ते लेखी मागा. विमा मंजूर होईपर्यंत हप्ते बंद होत नाहीत, तेव्हा व्यवस्थापकाशी बोलून ठेवलेलं बरं.

इथं एक वाद हमखास होतो. सर्व्हेअर म्हणतो, ‘आज बाजारात या गाडीला चार लाखच येतात, तेवढेच घ्या.’ टोटल लॉसमध्ये हे चालत नाही. ज्या वर्षीचा विमा आहे, त्या वर्षभर आयडीव्ही हीच गाडीची बाजारकिंमत धरायची आणि तिच्यातून पुन्हा घसारा कापायचा नाही, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा आणि त्याच्यापुढं ठेवा.

मोडक्या गाडीचा सांगाडा कुणाचा, हाही प्रश्न येतो. कंपनी पूर्ण रक्कम देऊन सांगाडा घेते, किंवा सांगाड्याची किंमत कापून तो आपल्याकडेच ठेवते. वरच्या उदाहरणात सांगाडा 90 हजारांचा धरून आपल्याकडे ठेवला, तर बँक वजा जाता हातात 19 हजारच येतील, आणि सांगाडा विकायची धडपड आपली. कुठल्याही वाटेनं गेलात तरी भंगारवाल्याला कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या देऊ नका. आरसीवर नाव आपलं राहतं, आणि तोच चेसिस नंबर उद्या दुसऱ्या गाडीवर फिरताना सापडू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी कायमची निकामी झाली असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं. आपली गाडी एमएच 24 असेल तर हे काम लातूरच्या आरटीओत. बँकेचा बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीही एक सांगायचं आहे. आरसी नावावर झाली, पण विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला, असं फार होतं. खरेदीनंतर 14 दिवसांत विमाही नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. तो न दिल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाड्याने प्रवासी नेत असतील तरीही अडतो. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये अशा एका प्रकरणात दावा सगळाच नाकारू नये, काही रक्कम द्यावी असं म्हटलं. पण तिथवर भांडत जायला वर्षं लागतात. लग्नसराईत भाडं मारायचंच असेल, तर टॅक्सी पासिंग करून घ्या.

ज्या घरात गाडीबरोबर माणूसही गेला, तिथल्या बाईला गाडीचं सुचत नाही. तरी शेजारणींनी तिचा कागद काढून बघावा. ‘पीए ओनर ड्रायव्हर’ अशी ओळ असेल, गाडी आणि विमा मृताच्या नावावर असेल आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल, तर वारसाला 15 लाख रुपये मिळतात. गाडीच्या पैशाहून हे वेगळे असतात, आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. उलट गाडी बाईच्या नावावर आणि तिच्याकडे लायसन्स नाही, तर हे संरक्षण लागूच होत नाही. घरच्या कारभाऱ्याला हे माहीत नसतं.

कंपनीनं कमी रक्कम पुढं केली आणि पैशाची नड असेल, तर घ्या. पण ‘ही रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारत आहे’ असं पावतीवर लिहूनच सही करा. नकार मिळाला तर तो लेखी मागा, कारणासकट. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही. फक्त विमा व्यक्तीच्या नावावर हवा. विमा नियामकाचा मोफत क्रमांक 155255 आहे, त्यावर मराठीतून बोला. तिसरी वाट लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथं दोन वर्षांची मुदत आहे, आणि विम्याचा हप्ता 5 लाखांच्या आत असल्यानं आपल्यासारख्यांना फी पडत नाही. जाताना पॉलिसी, आरसी, लायसन्सची प्रत, गॅरेजचा अंदाज, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि कंपनीचं नकाराचं पत्र बरोबर न्या. सर्व्हेअरचा अहवाल कंपनी स्वतःहून देत नाही, अर्ज करून मागावा लागतो.