वजनाविषयी रोग्याशी बोलावे कसे?

"वजन कमी करा." दवाखान्यात नेहमी दिला जाणारा आणि क्वचितच पाळला जाणारा असा हा सल्ला आहे. वजन वाढले हे रोग्याला ठाऊक नसते असे नाही. घरचे, शेजारचे त्याला तेच ऐकवत असतात. त्यात डॉक्टरांनीही चारचौघांत टोकले की तो ओशाळतो आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

मूर्तिजापुरात रोगी तपासताना मी हे पाहत आलो आहे. अन्यत्र असे बोलणे ऐकून आलेल्या एक बाई तीन वर्षे कुठल्याच डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या. आल्या त्या पायाची न भरणारी जखम घेऊन. रक्तातील साखर फार वाढलेली होती. वजन तर राहिलेच, मधुमेहाचे निदानही लांबले.

म्हणूनच औषधे शिकवतो तसे बोलणेही शिकवले पाहिजे. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय समाविष्ट झाला आहे. तो शिकवण्याची एक सोपी रीत अशी : एक विद्यार्थी डॉक्टर होतो, दुसरा रोगी, तिसरा नुसता पाहतो. मग रोगी झालेला सांगतो, कोणता शब्द टोचला आणि कोठे धीर आला. 'लठ्ठ' हा शब्द स्वतःच्या कानावर आला की तो किती बोचतो, हे पुस्तकातून कळत नाही.

वजनाचे बोलणे पाच पायऱ्यांनी करावे. पहिली, परवानगी : "आपल्या वजनाबद्दल थोडे बोलू का?" दुसरी, विचारपूस : झोप, कामाच्या वेळा, चालू औषधे, थायरॉईड, घरी स्वयंपाक कोण करते? "मी तं काईच खात नाई, डाक्टर," असे कोणी म्हटले तर हसू नये. दिवसभरात गोड चहा किती वेळा होतो ते विचारावे. तिसरी, माहिती. चौथी, दोघांनी मिळून एकच ठराव : चहातील साखर निम्मी, किंवा रोज अर्धा तास चालणे. पाचवी, पुढील भेटीची तारीख.

माहिती आकड्यांत द्यावी. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांत उत्तर २३ च्या वर गेले तर वजन जास्त, २५ च्या वर गेले तर स्थूलता समजतात. कंबर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या आत असावी. दीड मीटर उंची आणि ७० किलो वजन असेल तर उत्तर ३१ येते. पण अशा व्यक्तीला एकदम ५० किलोचे स्वप्न दाखवू नये. पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबाला फायदा होतो.

रोग्याच्या तोंडूनच उत्तर काढण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या तालुक्यातील दापुऱ्यात मामाकडे वाढलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. १९८३ मध्ये विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू सोडवण्याच्या उपचारात याच जातीची पद्धत मांडली. आज ती वजनासाठीही वापरतात.

शब्दांइतकीच व्यवस्थाही महत्त्वाची. वजनकाटा आडोशाला असावा. जाड दंडाला रक्तदाबाचा मोठा पट्टा लावावा. लहान पट्ट्याने दाब खोटाच जास्त दिसतो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्याचा गुडघा आधी तपासावा, वजनाचे नंतर काढावे.

वाचकहो, यात आपलाही वाटा आहे. डॉक्टरांनी वजनाचा विषय काढला तर संकोच न करता खरे सांगा. त्यांनी नुसतेच "कमी करा" म्हटले, तर "सुरुवात कशापासून करू?" असे आवर्जून विचारा. आणि एखाद्या ठिकाणी अपमान झाला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा; तपासणी मात्र सोडू नका.